मेंढीपालनात शाश्वत, रिजनरेटिव्ह (जमिनीचा कस परत आणणाऱ्या) पद्धती वापरून कोकरं तयार करणं खरंच जमतं का? परवडतं का? सुरुवात कुठून करावी?

जमतं. सुरुवात कोकराची पापणी उलटून बघण्यापासून करा, मातीतला कार्बन मागाहून. एका पावसाळ्यात अकरा कोकरं पुरली आहेत मी, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तेव्हा आमच्या साठ मेंढ्या होत्या. कुरण सगळं एकदम मोकळं आणि दर महिन्याला सरसकट सगळ्यांना जंताचं औषध, दादाच्या हातून. झड उघडून ऊन पडलं आणि तीन महिन्यांची कोकरं कळपाच्या मागे रेंगाळायला लागली. हगवण नाही, ताप नाही. संध्याकाळी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, पापणी आतून पांढरीफटक. एक कोकरू आईला लुचता लुचता खाली बसलं ते उठलंच नाही. डॉक्टरांनी ते उघडलं तर चौथ्या पोटात लाल-पांढऱ्या पिळाचे जंत. हिमॉन्कस. हा रक्तावर जगतो आणि त्याची मादी दिवसाला पाच-पाच हजार अंडी घालते.

दादा म्हणाला, "डोस कमी पडला, वाढव." डॉक्टरांनी औषधाआधीच्या आणि चौदा दिवसांनंतरच्या लेंड्यांतली अंडी मोजली. औषध लागू पडत असेल तर ९५ टक्के तरी घट दिसायला हवी. आमच्याकडे निम्मीसुद्धा नव्हती. महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना पाजून औषधाला दाद न देणारे जंत आम्हीच निवडून वाढवले होते. त्या रात्री मी दादाशी पहिल्यांदा आवाज चढवून बोललो.

आता कुरणाचं. उबदार ओलीत अंड्यापासून बाधणारी अळी व्हायला आठवडाही लागत नाही. दवाच्या ओलाव्यातून ती पात्यावर चढते, पण बहुतेक अळ्या जमिनीपासून पाच-एक सेंटिमीटरच्या आतच राहतात. म्हणून कुरणाचे कप्पे पाडा, उचलता येणारी जाळी लावा, ओल्या दिवसांत चौथ्या दिवशी कळप हलवा आणि चार बोटं गवत शिल्लक असतानाच हलवा. मग त्या कप्प्याला विश्रांती. उष्ण हवेत दोनेक महिन्यांत बऱ्याचशा अळ्या मरतात, थंड हवेत त्या कित्येक महिने तग धरतात. मधल्या काळात तिथं मोठी गुरं चारली तर उत्तमच, मेंढीचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात टिकत नाहीत.

"उभं गवत सोडायचं म्हणजे ताटात अन्न टाकायचं," हे दादाचं ठरलेलं वाक्य. चूक आहे ते. उरलेलं पान मुळांना पोसतं. बुडख्यापर्यंत खरवडलं की गवत आपला साठा मोडून फुटतं, मुळं आखडतात, मधली माती उघडी पडते आणि पाऊस ती घेऊन जातो. तुडवलं गेलेलं गवतसुद्धा वाया जात नाही, ते जमीन झाकतं. एकाच विश्रांतीत जंतही मरतात आणि कुरणही सावरतं, आणि रिजनरेटिव्ह म्हणतात त्यातलं निम्मं काम एवढंच आहे.

औषध कुणाला पाजायचं ते 'फामाचा' (FAMACHA) नावाच्या तक्त्यावर ठरवा. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तो तयार झाला, पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच पायऱ्या, एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे पांढरीफटक. एक-दोनला हात लावू नका, चार-पाचला पाजाच, तीनवरचं जनावर कोकरू असेल तर पाजा. न पाजलेल्या मेंढ्यांतून औषधाला बळी पडणारे जंत कुरणात टिकतात, आणि ते टिकायलाच हवेत, नाहीतर दाद न देणारेच उरतात.

मिथेनबद्दल, म्हणजे मेंढीच्या ढेकरांतून येणाऱ्या, हवा तापवणाऱ्या वायूबद्दल, लोक फार बोलतात. एक मेंढी वर्षाला साधारण ५ ते ९ किलो मिथेन सोडते, तिचं कोकरू जगो वा मरो. मेलेल्या कोकरामागे आईचा वर्षाचा चारा आणि मिथेन दोन्ही फुकट गेले. कोकरू जगवणं हीच पहिली बचत.

परवडतं का, याचा आकडा मी देणार नाही. आमचं औषध कमी झालं, मरतूक कमी झाली, जाळी हलवण्याची मेहनत मात्र नक्की वाढली.

आणि हो, हे वाचून औषध एकदम बंद करू नका. 'फामाचा' तक्ता फक्त रक्त कमी झालेलं दाखवतो, हगवण लावणारे जंत त्यात दिसत नाहीत. आंत्रविषाराची (आतड्यांतल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस वेगळी, ती चुकवू नका. कोरड्या भागात एका कप्प्याला अख्खा हंगामही विश्रांती लागू शकते, तिथं माझे दिवस मोजू नका.

पैदाशीला कोणती मेंढी ठेवायची, हेही याच तक्त्यावरून ठरवा. दादाची एक लाडकी मेंढी दरवर्षी जुळी द्यायची. सलग तीन पावसाळे तिची पापणी चारवर, तिच्या दोन्ही मुलींचीही तीच गत. त्या तिघींच्या लेंड्या सगळ्या कळपाच्या गवतात अंडी पेरत होत्या. मी त्यांना पैदाशीतून काढलं तेव्हा दादा दोन दिवस जेवला नाही, आणि अजूनही जुळ्यांचा विषय काढतो. त्या अकरांतली दोन तिचीच होती.