तालुकावार कर्करोगाच्या नकाशात टोकाचे रंग छोट्या तालुक्यांनाच का मिळतात?

प्रबंधासाठी तुम्ही केलेल्या नकाशात सगळ्यात लाल (जास्त धोक्याचे) आणि सगळ्यात हिरवे (कमी धोक्याचे), दोन्ही तालुके कमी वस्तीचेच निघाले, यात नवल काहीच नाही. कोड पुन्हापुन्हा तपासू नका. गडबड नुसत्या गुणोत्तरावर, म्हणजे सापडलेले रुग्ण भागिले अपेक्षित रुग्ण यावर, रंग भरण्यात आहे.

हा विषय शिकणारे बहुतेक जण ज्यावर हात बसवतात ती माहिती घ्या: स्कॉटलंडचे ५६ जिल्हे, १९७५ ते १९८०, पुरुषांमधला ओठांचा कर्करोग. स्काय-लोखाल्शमध्ये वयोरचनेनुसार १.४ रुग्ण अपेक्षित होते, सापडले ९. म्हणजे साडेसहापट. बॅन्फ-बुकनमध्ये अपेक्षित ८.७, सापडले ३९, साडेचारपट. नकाशात स्काय पहिला. पण त्यातले दोनच रुग्ण शेजारच्या जिल्ह्यात नोंदले गेले असते, तर स्काय थेट पाचपटीवर उतरला असता. बॅन्फला दोन रुग्णांनी काय फरक पडतो? उलट ट्वीडडेलमध्ये १.८ अपेक्षित असताना एकही रुग्ण नाही. म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. पॉइसॉनच्या (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या संख्येच्या) हिशेबाने इतक्या कमी अपेक्षेत सहापैकी एकदा निव्वळ योगायोगानेच शून्य येतं.

आता कागदावर एक गंमत करा. सापडलेल्या आणि अपेक्षित, दोन्ही आकड्यांत २ मिळवा आणि मग भागा. स्काय ३.२ वर येतो, बॅन्फ ३.८ वर. क्रम उलटला! थोड्या रुग्णांवर उभा असलेला आकडा जास्त खाली ओढला गेला. हे २ मी मनाने घेतले. खऱ्या मॉडेलमध्ये किती मिळवायचं हे सगळ्या जिल्ह्यांच्या आकड्यांवरूनच ठरतं. क्लेटन आणि काल्डॉर या संशोधकांनी १९८७ मध्ये याच जिल्ह्यांवर ते करून दाखवलं. १९९१ मध्ये बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांनी प्रत्येक जिल्ह्याच्या धोक्याचे दोन भाग केले: एक शेजाऱ्यांशी मिळताजुळता, दुसरा ज्याचा त्याचा. तुम्ही हेच वापरा. आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी इनला (INLA) किंवा कारबेज (CARBayes) पॅकेज आहे. कोणता तालुका कोणाला लागून आहे ही शेजाऱ्यांची यादी मात्र डोळ्यांनी तपासा. ऑर्कनी, शेटलंडसारख्या बेटांच्या सीमेला कोणीच लागून नाही, तिथे सॉफ्टवेअर अडतं.

स्कॉटलंडच्या माहितीत शेती, वनकाम, मासेमारी करणाऱ्यांची टक्केवारीही आहे, कारण हा कर्करोग उन्हामुळे होतो असा संशय होता. आणि ती जास्त तिथे धोकाही जास्त दिसतो. पण आजारी पडला तो शेतकरी की कारकून, हे जिल्ह्याच्या आकड्यातून कळत नाही. तुमच्याकडे असा रकाना असेल तर मॉडेलमध्ये जरूर घाला. फक्त प्रबंधात ‘शेतकऱ्यांना धोका जास्त’ असं लिहू नका, परीक्षक पहिलं तेच वाक्य धरतील.