लाकडी फरशी स्वतः बसवताना जिन्यापाशी आणि दगडी कट्ट्यापाशी कडा कशा घ्यायच्या?

तुम्ही जिना आणि कट्टा वेगवेगळा विचारलाय, पण प्रश्न एकच आहे. जिन्याच्या तोंडाशी फट ठेवता येत नाही, म्हणून कट्ट्यापाशी जास्त ठेवावी लागते. हे मी सोलापुरात, आमच्याच घरी, सख्ख्या भावाशी वाद घालून शिकलोय.

२०१४ साली आमचं माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. निघालेल्या सागवानी तुळया वखारीत चिरून फळ्या करून घेतल्या, एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खोबण. वरची खोली आठ फूट रुंद. एका बाजूनं जिना वर येतो, समोर आईचा काळ्या दगडाचा देवाचा कट्टा. मे महिना, पारा ४२ च्या वर. रिपा मारून दादानं आणि मी फळ्या बसवत नेल्या. शेवटची फळी राहिली तेव्हा मी म्हटलं, इथं सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, फट सोडू. दादा म्हणाला, "ऐंशी वर्षं वाळलेलं सागवान, ते काय फुगतंय? आणि देवापाशी फट ठेवतोस?" तो थोरला, मी गप्प बसलो. त्यानं पाचर मारून फळी दगडाला घट्ट भिडवली.

श्रावणात आई पूजेला बसली आणि म्हणाली, "पाट डुलतोय रे." हात फिरवला तर कट्ट्यालगतच्या चार फळ्या बोटभर उचललेल्या, जिभेतले खिळे उपसून आलेले. लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल ते घेतं आणि सोडतं. लांबीत फरक नगण्य, सगळा खेळ रुंदीत. मे महिन्यात कोरडंठाक असलेली फळी पावसाळ्यात फुगणारच. इकडं जिना, तिकडं दगड, मग तिनं जायचं कुठं? दादानं मात्र पाहुण्यारावळ्यांत सांगितलं की लाकूडच खराब निघालं. आजोबांच्या तुळया होत्या त्या! हे मला अजून बोचतं.

शेवटी त्या चार फळ्या उपसल्या, कडेची फळी सहा सूत कमी केली आणि वरून दीड इंची पट्टी लावली. पट्टी दगडाला स्क्रूनं धरायची, फळीला अजिबात नाही. फळी तिच्याखाली सरकली पाहिजे. दगड वाकडातिकडा असेल तर पुठ्ठ्याचा फर्मा काढून फळी कापा.

जिन्याला आधी नोजिंग, म्हणजे पायरीच्या तोंडाची कडपट्टी, बसवा, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून पक्कं, कारण तिथं पाय पडतो. फळ्या तिथून सुरू करून कट्ट्याकडे न्या. वरच्या मजल्यावर लाकूड चढलं आणि पायऱ्यांवर नाही, तर शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा तेवढी जास्त उंच होते आणि माणूस तिथंच ठेचकाळतो. तेव्हा पायऱ्यांवरही तेवढ्याच जाडीचं लाकूड घाला आणि खालची फरशीही त्या मापानं उचला.

प्लायच्या थरांच्या तयार फळ्या कमी हलतात, पण फट त्यांनाही लागते. तळमजल्यावर शहाबादीखाली ओल असेल तर लाकडाच्या नादी लागू नका. कट्ट्यावर चूल पेटत असेल तर लाकूड तिथपर्यंत नेऊ नका, मधे दगडाचा पट्टा ठेवा.

आमच्या कट्ट्याची पट्टी मी दोनच स्क्रूंवर ठेवलीय. मे महिन्यात ती काढली की फट पाऊण इंच, श्रावणात जेमतेम दोन सूत. दादाला दोन्ही वेळा बोलावलं. तो अजून वर आलेला नाही.