वाचक विचारतात : धरणाच्या पायथ्याची ओल

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचे मातीचे धरण चाळीस वर्षांचे आहे. यंदा खालच्या उतारावर पाणी झिरपतेय. गावकरी चिकणमाती ठोकून ते बंद करू म्हणतात. करावे का?
– एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : मुळीच नको. बाहेरचे तोंड बंद केले की पाणी भरावातच तुंबते, आतला दाब वाढतो आणि उतार घसरतो. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच. काळ्या मातीचा गाभा तो कमी करतो. आतली वाळूची गाळणी आणि पायथ्याचा चर त्याला वाट देतात.

खरा प्रश्न पाण्याबरोबर माती येते का, हा. काचेच्या बाटलीत पाणी भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर भराव आतून पोखरतोय. त्याच दिवशी शाखा अभियंता आणि तहसीलदारांना फोटोंसह लेखी कळवा. रात्र असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करा. रत्नागिरी जिल्ह्यातलेच तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, गळतीच्या तक्रारी त्याआधीच झाल्या होत्या.

पाणी स्वच्छ असले तरी मोजायला हवे. चरावर पत्र्याची V आकाराची काटकोनी खाच बसवून घ्या. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी ५ सेंमी चढले तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंमी चढले तर जवळपास साडेचार लिटर. शेजारी जलाशयाची पातळी आणि पाऊस लिहा. पातळी तेवढीच असून पाझर वाढला, तर ते सर्वांत वाईट लक्षण.

जमिनीतून उकळीसारखे पाणी येऊन भोवती वाळूचे वारूळ साचत असेल, तर वाळूच्या पोत्यांचे कडे करा. आत आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड. पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची. विमोचकातून (पाणी सोडण्याच्या दारातून) जलाशयाची पातळी खाली आणणे अभियंत्यांवर सोडा. पातळी झपाट्याने उतरली तर पाण्याकडचा भिजलेला उतार ढासळू शकतो.

प्रश्न : भरावावर झाडे वाढलीत. तोडावीत का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रोपे आत्ताच काढा. मोठे झाड नुसते तोडले तर मुळे कुजून पाण्याला बोगदे मिळतात. ते उन्हाळ्यात, पातळी खाली असताना, अभियंत्यांच्या देखरेखीखाली मुळांसकट काढून खड्डा १५ सेंमीच्या थरांनी ठोकून भरावा. त्याच फेरीत सांडवाही (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) पाहा : मासेमारीची जाळी किंवा साठा वाढवायला लावलेल्या फळ्या असतील, तर पावसाआधी काढायला लावा. पुराचे पाणी माथ्यावरून वाहिले तर मातीचा भराव काही तासांत वाहून जातो.