डीएमएने (प्रोसेसरला मधे न घेता थेट रॅममध्ये) आलेल्या डेटात मधेच जुने आकडे का येतात? प्रोसेसर आणि उपकरण यांच्यातली मेमरी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, कशी सांभाळतो?

तुम्ही प्रश्न इतका नीट मांडलाय की दोष कुठे आहे ते त्यातूनच कळतं. राजिवड्याच्या एका बोटीसाठी तुम्ही खोली दाखवणारा इको साउंडर बनवताय. एडीसीचे, म्हणजे प्रतिध्वनीचे आकडे करणाऱ्या चिपचे, १६ बिटांचे नमुने, सेकंदाला २०,०००, डीएमएने कॉर्टेक्स-ए५३ बोर्डाच्या रॅममध्ये येतात. पडद्यावर नव्या पिंगच्या (पाण्यात सोडलेल्या एका आवाजाच्या नोंदीच्या) मधोमध आधीच्या पिंगची आडवी पट्टी दिसते, साधारण सव्वा मीटर जाडीची किंवा तिच्या पटीत. डीएमए संपल्याचा इशारा (इंटरप्ट) आल्यावर थोडं थांबलं की पट्ट्या कमी होतात, पण जात नाहीत. आधी मेमसेट करून बफर (नमुने साठवायची जागा) शून्य केला तर पट्टीत शून्य येतं. आणि कॉलेजच्या पीसीवर पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावून असाच ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) चालवला तर सगळं ठीक.

मी रत्नागिरीतच राहतो आणि ड्रायव्हर लिहिणं हाच माझा धंदा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. तिथे तांडेल तुमच्या पडद्यावर भरवसा ठेवून बोट आत घेणार असेल, तर आधीच्या पिंगची खोली दाखवणारी पट्टी हा फक्त दिसण्यातला दोष राहत नाही.

पट्टीच्या जाडीपासून सुरुवात करू. कॅश म्हणजे प्रोसेसरची जवळची, वेगवान मेमरी, आणि ती लाइन नावाच्या तुकड्यांत भरते. कॉर्टेक्स-ए५३ ची कॅश लाइन ६४ बाइटची. १६ बिटांचा नमुना म्हणजे २ बाइट, म्हणून एका लाइनमध्ये ३२ नमुने. २०,००० च्या वेगाने ३२ नमुने म्हणजे १.६ मिलिसेकंद. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. जाऊन परत यायचं म्हणून निम्मं धरलं तर १.२ मीटर. तुमची पट्टी बरोबर एका कॅश लाइनएवढी आहे. गोंगाटाने किंवा एडीसीच्या दोषाने होणारी चूक अशी ६४ बाइटच्या मापात कापलेली येत नाही.

घडतं ते असं. आधीची पिंग वाचताना बफरचे काही भाग प्रोसेसरच्या कॅशमध्ये आले. मग डीएमए कंट्रोलरने नवी पिंग थेट रॅममध्ये लिहिली. तुमच्या बोर्डावर हा कंट्रोलर कॅशकडे बघत नाही आणि कॅशला त्याच्या लेखनाची खबर लागत नाही. तुमचा कोड बफर वाचायला गेला की ज्या लाइन अजून कॅशमध्ये आहेत त्या जुन्या मिळतात, बाकीच्या रॅममधून नव्या येतात. थांबल्यावर पट्ट्या कमी का होतात? तेवढ्या वेळात दुसरी कामं कॅश वापरतात आणि तुमच्या जुन्या लाइन बाहेर ढकलल्या जातात. म्हणजे तुमचं साउंडर बरोबर चालणं बाकीच्या प्रोग्रामांच्या गर्दीवर अवलंबून आहे. तो थांबा आजच काढून टाका. त्याच्यामुळे दोष फक्त झाकला जातोय.

पीसीवर हे होत नाही, कारण तिथे पीसीआय एक्सप्रेसवरून रॅममध्ये होणारं लेखन सहसा कॅशलाही कळतं, हार्डवेअरच ती खबर पोचवतं. तुमच्या बोर्डासारख्या एआरएम प्रोसेसरवर ते चिप बनवणाऱ्यावर असतं. काही चिपमध्ये अशी जोडणी असते आणि ती डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) ‘डीएमए-कोहेरंट’ असं लिहून कर्नेलला सांगितली जाते. हार्डवेअरमध्ये जोडणी नसताना हा शब्द घालून बघू नका. कर्नेल त्यावर विश्वास ठेवून कॅश साफ करणंच सोडून देईल.

आता मूळ प्रश्न. कर्नेलच्या दृष्टीने बफर दोघांचा असला तरी एका वेळी ताबा एकाचाच असतो, एक तर प्रोसेसरचा नाही तर उपकरणाचा. ताबा बदलताना ड्रायव्हरने तसं सांगायचं आणि कर्नेलने त्या चिपला लागेल ते करायचं, असा करार आहे. पीसीवर बहुतेक वेळा जवळजवळ काहीच करावं लागत नाही, तुमच्या बोर्डावर कॅश साफ करावी लागते. ड्रायव्हरचा कोड मात्र दोन्हीकडे तोच राहतो. डीएमए एपीआय, म्हणजे यासाठीचे कर्नेलचे कॉल, हे फक्त पत्ता मिळवायचं साधन आहे असं समजलं की इथेच गाडी अडते.

डीएमए_मॅप_सिंगल() म्हणजे ताबा उपकरणाकडे. दिशा डीएमए_फ्रॉम_डिव्हाइस असली तरी या वेळी कॅशमधलं न लिहिलेलं सगळं रॅममध्ये उतरवून घ्यावं लागतं. तुमच्या मेमसेटचं तेच झालं. शून्यं कॅशमध्येच राहिली. कोडने वाचलं तर शून्यं मिळाली. पण त्याहून वाईट म्हणजे, डीएमए लिहून झाल्यावर त्यातली एखादी लाइन बाहेर पडली तर ती शून्यं रॅममधल्या खऱ्या प्रतिध्वनीवर जाऊन बसतात. आधीच्या दोषात डेटा निदान रॅममध्ये शाबूत होता, इथे तो गेलाच.

काम संपल्यावर डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू() किंवा अनमॅप म्हणजे ताबा परत प्रोसेसरकडे. या वेळी कॅशमधल्या त्या लाइन रद्द होतात. आधी एकदा साफ केली होती ना, मग पुन्हा कशाला, असं वाटतं. पण प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून न मागता मेमरी कॅशमध्ये ओढत असतो. डीएमए चालू असताना तुमच्या कोडने बफरला हात लावला नाही तरी जुनी लाइन परत आत येऊ शकते. म्हणून दोन्ही टोकांना सांगायचं.

दोन बफर घ्या. एक भरत असताना दुसरा वाचा. वाचून झाला की डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस() करून परत द्या. दर पिंगला मॅप-अनमॅप करायची गरज नाही.

तुमच्या कोडमधली खटकलेली दुसरी गोष्ट म्हणजे व्हर्ट_टू_फिज() ने काढलेला प्रोसेसरच्या बाजूचा पत्ता कंट्रोलरला देणं. उपकरणाला रॅम ज्या पत्त्यावर दिसते तो प्रोसेसरचाच पत्ता असेल याची खात्री नसते. मधे आयओएमएमयू (उपकरणाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर पत्ता पूर्ण वेगळाच असतो, आणि त्याचा फायदाही आहे, कारण उपकरणाला मॅप न केलेल्या मेमरीला हातच लावता येत नाही. आयओएमएमयू नसतानाही फरक पडतो. रास्पबेरी पाय ४ वर बऱ्याच उपकरणांना रॅमची फक्त पहिली १ जीबी गाठता येते, आणि त्या रॅमची सुरुवात त्यांना ३ जीबीच्या पत्त्यावर दिसते. जुन्या आयएसए कार्डांना तर १६ एमबीच्या पलीकडे जाताच येत नसे. बफर उपकरणाच्या आवाक्याबाहेर असेल तर लिनक्स स्वतः मधला बफर वापरून डेटा इकडून तिकडे करतो, त्याला एसडब्ल्यूआयओटीएलबी म्हणतात. हे सगळं मॅप करताना होतं. म्हणून मॅपने दिलेला पत्ताच कंट्रोलरला द्यायचा, आणि तो डीएमए_मॅपिंग_एरर() ने तपासून घ्यायचा.

इथे बरेच जण अडखळतात असा एक बारकावा आहे. मॅप करताना डिव्हाइस म्हणून एडीसीचं डिव्हाइस देऊ नका. मेमरीला प्रत्यक्ष हात लावतो तो डीएमए कंट्रोलर, म्हणून डीएमए चॅनेलमधून त्याचं डिव्हाइस काढून ते द्यायचं. पत्त्याची मर्यादा आणि आयओएमएमयू त्याचीच लागू होते.

बफर कुठे आहे तेही बघा. तुम्ही तो ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्येच ठेवलाय आणि लगेच पुढे पिंगचा काउंटर आहे. दोघे एकाच कॅश लाइनमध्ये आले तर काउंटर वाढवताना ती लाइन प्रोसेसरच्या बाजूने बदलते आणि डीएमएने लिहिलेलं त्याखाली जातं. किंवा लाइन रद्द होताना काउंटरच मागे पडतो. बफर वेगळ्या केमॅलॉकने (कर्नेलकडून मेमरी मागायच्या कॉलने) घ्या. ६० मीटरच्या स्केलला ८० मिलिसेकंद, १,६०० नमुने, ३,२०० बाइट. हे ६४ ने आणि १२८ नेही पूर्ण भागतं, तेव्हा शेवटची लाइन अर्धवट राहत नाही. स्टॅकवरचा ॲरे किंवा व्हीमॅलॉकची मेमरी या कॉलना देऊ नका.

‘डीएमए_अलॉक_कोहेरंट() वापरलं की सगळी कटकट संपते ना?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. पट्टी जाईल, हो. पण तुमच्यासारख्या बोर्डावर ती मेमरी सहसा कॅशशिवाय मॅप होते आणि प्रत्येक वाचन रॅमपर्यंत जातं. ३,२०० बाइटला ते जाणवणार नाही. पुढे याच बफरवर फिल्टर चालवायचा विचार असेल तर नक्की जाणवेल. माझ्या मते ही मेमरी डिस्क्रिप्टरसारख्या (कंट्रोलरला काम सांगणाऱ्या नोंदीसारख्या) छोट्या गोष्टींसाठी ठेवावी, जिथे दोघेही सतत लिहितात-वाचतात. तिथेही क्रम सांभाळावा लागतो. आधी डिस्क्रिप्टर भरायचा, मग लेखनाचा क्रम पक्का करणारं डीएमए_डब्ल्यूएमबी(), मग ‘आता तुझं’ हा बिट.

पायथन प्रोग्रामला बफर थेट मॅप करून द्यायचा हट्ट सोडा. सेकंदाला १० पिंग धरल्या तरी ३२,००० बाइट होतात, साध्या कॉपीने भागतं. कॅमेऱ्याच्या फ्रेमा एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे न्यायच्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. त्यासाठी डीएमए-बफ आहे, सुमित सेमवाल यांच्या कामातून २०१२ साली लिनक्स ३.३ मध्ये आलेलं.

तपासणी टेबलावर करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, तोच वेळ तुमच्या हातात आहे. एडीसीला दर पिंगला वेगळी, ओळखता येईल अशी लहर द्या आणि वाचलेला प्रत्येक नमुना तपासा. हे बोर्ड रिकामं असताना करा. प्रोसेसरवर भार टाकून चाचणी घेतलीत तर जुन्या लाइन आपोआप बाहेर पडतील आणि दोष लपेल. कर्नेल बनवताना कॉन्फिग_डीएमए_एपीआय_डीबग चालू ठेवा. दिशा चुकली, एरर तपासली नाही, तर ते लॉगमध्ये सांगतं. मात्र एपीआय वापरलाच नाही तर तेही गप्प बसतं, म्हणून आत्तापर्यंत तुम्हाला काही दिसलं नाही.

एवढं करूनही पट्टी राहिली तर प्रतिसादात तीन गोष्टी लिहा: कर्नेलची आवृत्ती, डिव्हाइस ट्रीमधला डीएमए कंट्रोलरचा भाग, आणि पट्टी बफरच्या कितव्या बाइटला सुरू होते. तो आकडा ६४ ने भागत नसेल तर कारण दुसरं आहे, आणि मग एडीसीच्या बाजूने बघायला लागू.