मुख्यालय गुंडाळले जात असताना आरोग्य व्यवस्थापन शिकावे का?

आपली मुलगी बीडीएस झाली आहे, इंग्लंडमधील एका विद्यापीठात आरोग्य व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेशही मिळाला आहे. परंतु ‘एनएचएस इंग्लंड’ ही तेथील सरकारी आरोग्यसेवेचा (एनएचएस) कारभार पाहणारी मध्यवर्ती संस्थाच बंद होणार असल्याचे वाचून तिला पाठवावे की नाही, असे आपण विचारले आहे.

बातमी खरी आहे. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी 13 मार्च 2025 रोजी ही संस्था आरोग्य खात्यात विलीन करण्याची घोषणा केली. दोन्हीकडे तेच काम होते, हा सरकारचा मुख्य आक्षेप असून दोन्हीकडची मिळून जवळपास निम्मी पदे कमी करण्याचा इरादा आहे. सेवांचे नियोजन करणाऱ्या 42 प्रादेशिक मंडळांनाही प्रशासकीय खर्च निम्म्यावर आणण्यास सांगण्यात आले. त्यामुळे धोरण विभागात थेट शिरण्याची आशा तूर्त सोडावी. तेथे अनुभवी अधिकाऱ्यांवरच नवी जागा शोधण्याची वेळ आली आहे.

अशी उलथापालथ तेथे नवी नाही. 2013 मध्ये स्थानिक सेवांचे नियोजन करणारे 152 प्राथमिक सेवा ट्रस्ट आणि 10 प्रादेशिक प्राधिकरणे मोडीत निघाली, तेव्हाच एनएचएस इंग्लंड कारभार पाहू लागली होती. (पाट्या रंगवणाऱ्यांना मात्र अशा देशात कामाची ददात नसावी.) रुग्णालये मात्र वेगळे, आजही चालू असलेले सरकारी रुग्णालय ट्रस्ट चालवतात आणि तेथील नेमणुकाही तेच करतात. शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक बसवणे, प्रतीक्षा यादीत एकाच रुग्णाचे नाव दोनदा आले आहे का किंवा कोणी अन्यत्र उपचार उरकले आहेत का हे तपासणे, ही कामे मुख्यालय कोणाच्याही हाती गेले तरी करावीच लागतात, कारण 18 आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट कायम आहे. स्कॉटलंड व वेल्सची आरोग्यसेवा तर स्वतंत्रच आहे.

म्हणून मुलीने ऐच्छिक विषयांत आरोग्यविदा (डेटा), वित्त आणि रुग्णालयाचे दैनंदिन कामकाज निवडावे, तसेच प्रबंध एखाद्या ट्रस्टसोबत करता येईल का, हे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाला लेखी विचारावे.

खरी अडचण व्हिसाची आहे. 1 जानेवारी 2027 पासून शिक्षणानंतरच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तेथे 2 वर्षांऐवजी 18 महिनेच राहता येईल. तेथील पगाराशिवाय कर्ज फिटणार नसेल, तर मी तिला यंदा पाठवू नका असेच सांगेन. ते इथल्या उत्पन्नावर फेडता येणार असेल, तर प्रवेश सोडू नये.