आधी डीव्हीआर बंद करा, कलमाचं नंतर बघू

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका साडी दुकानदाराचं पत्र आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत सहा जण एकदम दुकानात आले. चौघांनी गादीवर साड्या उलगडायला लावल्या, तेवढ्यात दोघांनी गठ्ठा लांबवला. मॉनिटरवरून मोबाइलने काढलेली क्लिप व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली, पोलिसांकडे अर्ज दिला, पोच घेतली आणि तीन आठवडे वाट पाहिली. आता विचारतात, कलम कोणतं लागेल? असंच विचारणारे दुकानदार बरेच आहेत.

तुमचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र, अजून चालू असेल, तर आत्ता उठून तो बंद करा. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. किती दिवसांत, ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. तीन आठवडे कित्येक दुकानांत फार होतात. पुसलं गेलं असेल तरी डिस्क फॉरमॅट करू नका, प्रयोगशाळेत कधी कधी परत मिळतं.

मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेल्या क्लिपवर कोर्टात भिस्त ठेवू नका. मूळ यंत्र हजर नसेल तर प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात स्पष्ट केलंय. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आता त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालाय का हे ओळखायचा आकडा, लिहावी लागते. त्यापेक्षा डिस्कसकट डीव्हीआरच पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात द्या.

आणि ती क्लिप व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायची काय घाई होती? साक्षीदारांनी चेहरे आधीच मोबाइलवर पाहिले, की ओळख परेडला अर्थ उरत नाही. निदान आता तरी पुढे पाठवणं थांबवा.

अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. टोळीने केलेली दुकानातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये बसते, शिक्षा १ ते ७ वर्षं. ‘आधी प्राथमिक चौकशी करू’ हे उत्तर इथे चालत नाही. ती सवलत ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे. गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस आयुक्तांना लेखी कळवा, पोस्टाची पावती जपा, आणि तरीही हालचाल नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे जा. कलम ११२ शेवटपर्यंत टिकेल का, हे त्या सहा जणांची मिलीभगत चित्रणात किती दिसते त्यावर ठरेल.

माल मिळेल की नाही, सांगता येत नाही. मिळालाच तर खटला संपायची वाट पाहू नका, वर्षं जातील. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा माल हजर करायच्या लेखी हमीवर, ताबा मागा. त्यासाठी खरेदीची बिलं आजच वेगळी काढून ठेवा.