नातीला हिरोशिमाला नेऊ का?

प्रश्न : माझा मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीची मुलगी (वय १०) आणि मी त्याच्याकडे जाणार आहोत. हिरोशिमाचं शांतता स्मारक उद्यान पाहायची मला फार इच्छा आहे. लेक म्हणते, एवढ्याशा पोरीला ते भयंकर दाखवू नकोस. काय करू?
– एक आजी, भुसावळ

उत्तर : ताई, न्या. लेकीची काळजी बरोबर आहे, पण ती संग्रहालयापुरती. उद्यान मोकळं आहे, भरपूर झाडं, दोन्ही बाजूंना नदी. ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण दीड तास, पुढे ट्राम.

नातीला आधी मुलांच्या स्मारकापाशी न्या. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. वरकरणी तिला काहीच झालं नाही. बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. बरं व्हावं म्हणून दवाखान्यात ती कागदाचे क्रौंच पक्षी करत बसायची. तिच्या वर्गातल्या मुलांनी मनावर घेतलं, देशभरच्या मुलांनी वर्गणी दिली आणि १९५८ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. नातीकडून घरूनच थोडे क्रौंच करून घ्या. स्मारकाभोवती ते ठेवायला काचेची कपाटं आहेत.

तुम्ही मात्र उद्यानातल्या मृतांच्या रक्षेच्या टेकडीपाशी निवांत थांबा. बहुतेक लोक नदीपलीकडच्या, बॉम्बने पडझड झालेल्या इमारतीच्या घुमटाचे फोटो काढून निघतात, मला ते पटत नाही. आधी तिथे बाग नव्हतीच. नाकाजिमा नावाची दाट वस्ती होती, दुकानं, घरं, देवळं. जळगावचा दाणाबाजार सकाळी ८.१५ ला माणसांसकट नाहीसा व्हावा, तसं झालं. गवताने झाकलेल्या त्या गोल टेकडीच्या पोटात सुमारे ७०,००० जणांची रक्षा आहे. बहुतेकांची ओळखच पटली नाही. काहींची नावं कळली, पण न्यायला घरचं कुणी आलं नाही. आपण अस्थी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला जातो. इथे घरंच्या घरं गेली, सावडणार कोण? मी तिथे बराच वेळ उभी होते.

संग्रहालयात तुम्ही एकट्या जा, नात मामाजवळ बाहेर राहू दे. आत भाजलेल्या माणसांचे फोटो आहेत, फाटलेले शाळेचे गणवेश आहेत. शिनिचि तेत्सुतानी या तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल आहे. एवढ्या लहान लेकराला दूर एकटं कसं ठेवायचं, म्हणून बापाने त्याला अंगणातच पुरलं, सायकलीसकट. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अस्थी घराण्याच्या थडग्यात नेल्या आणि सायकल संग्रहालयाला दिली. माझ्या मते दहाव्या वर्षी हे नको. चौदा-पंधराची झाली की तिला परत न्या.

आणि कोरियन मृतांचं स्मारक चुकवू नका. त्या बॉम्बने हजारो कोरियनही मेले. १९७० मध्ये उभारलेलं त्यांचं स्मारक १९९९ पर्यंत उद्यानाच्या हद्दीबाहेर होतं. कोरियन माणसं हिरोशिमात कशी, असं नातीने विचारलं तर जपानने त्यांचा देश ताब्यात घेतला होता, कित्येकांना मजुरीला आणलं होतं, हेही सांगा. दहा वर्षांच्या मुलीला ते नीट कळतं.